वडील पोलीसप्रमुख, मुलगी त्याच विद्यापीठात

अमेरिकेतून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सारांश देते. ताईंचं माहेर मिरजेचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, स्वतः एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करतात. नवरा तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर तिकडे गेला आणि गेली सतरा वर्षं एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या पोलीस दलात आहे, सध्या कॅप्टन. आता विद्यापीठाने त्याला चीफची, म्हणजे पोलीसप्रमुखाची जागा देऊ केली आहे आणि उत्तराला तीन आठवडे दिले आहेत. आधीचे दोन चीफ चार वर्षांत गेले. मुलगी एकोणीस वर्षांची, त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, वडिलांच्या नोकरीमुळे तिला फीमध्ये मोठी सवलत मिळते. मागच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या आंदोलनात ती हिरवळीवर तंबूत बसली होती. बातमी कळल्यावर जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, तू चीफ झालास तर मी इथे शिकणार नाही." सासऱ्यांचे वडील सांगलीत हवालदार होते, त्यामुळे सासऱ्यांना आभाळ ठेंगणं झालंय, गावाकडे फोनही करून झालेत. मिरजेच्या बहिणीने विचारलं, "म्हणजे कॉलेजचा सिक्युरिटीच ना?" ताई विचारतात: "कॅप्टन म्हणूनच निवृत्त हो, असं मी त्याला सांगू का? बळीचा बकरा होण्यापेक्षा ते बरं नाही का? आणि मुलीचं मन मोडून मिळालेली खुर्ची काय कामाची?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अमेरिकेतल्याच एका सरकारी विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या डीनच्या कचेरीत मी एकोणीस वर्षं काम केलं. दर सोमवारच्या बैठकीत समोरच्या खुर्चीवर पोलीसप्रमुख असायचे. माझ्या काळात तिघे झाले. त्यामुळे तुमच्या घरातली घालमेल मला परकी वाटत नाही.

बहिणीच्या प्रश्नाने तुम्ही दुखावल्या आहात असं दिसतं. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे विद्यापीठाच्या फाटकावर एजन्सीचे रखवालदार असतात, वर एक सुरक्षा अधिकारी असतो, आणि काही झालं की जवळच्या ठाण्यातून गाडी येते. तिकडची गोष्ट वेगळी आहे. १८९४ मध्ये येल विद्यापीठाने न्यू हेवन शहराच्या दलातले दोन पोलीस आपल्या आवारासाठी घेतले, तिथून कॅम्पस पोलिसांची सुरुवात मानतात. १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून एकाने गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस नव्हते. पुढच्याच वर्षी त्या राज्याने विद्यापीठांना स्वतःचं पोलीस दल उभारायची मुभा दिली. २०११-१२ च्या सरकारी पाहणीत अडीच हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या, चार वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी ९२ टक्के संस्थांकडे अटकेचे पूर्ण अधिकार असलेले, शपथ घेतलेले पोलीस होते. खासगी संस्थांत हे प्रमाण ३८ टक्के. तुमचे मिस्टर त्या अर्थाने पुरते पोलीस आहेत. बहिणीला एवढं सांगा आणि विषय सोडून द्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्याच्या पोटात मला तीन गृहीतकं दिसतात: चीफची जागा म्हणजे धोका, कॅप्टनची जागा म्हणजे सुरक्षितता, आणि मुलीला वडिलांनी नकार द्यायला हवा आहे. तिन्ही एकदा तपासून पाहू.

त्याआधी चीफचं काम काय असतं ते सांगते, कारण तुमच्या सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर साहेबाची गाडी आहे आणि तुमच्या डोळ्यांसमोर ढाली घेतलेल्या पोलिसांची रांग. मी पाहिलेल्या तिघांपैकी दुसरे चीफ रात्री साडेदहाच्या सुमारास डॉर्मच्या मागच्या बाजूने चक्कर मारायचे. मुलं खाली सिगरेट ओढायला येत, दार आपोआप बंद होऊ नये म्हणून फटीत पिझ्झाचं रिकामं खोकं अडकवून ठेवत. चीफ वाकून ते खोकं काढायचे, दार ओढून घ्यायचे आणि कुलूप 'खट्' वाजेपर्यंत तिथेच उभे राहायचे. मग पुढचं दार. मी एकदा विचारलं, हे काम एखाद्या शिपायाला का सांगत नाही? ते म्हणाले, "दार बंद झालं हे मला माझ्या कानांनी ऐकायचं असतं."

त्या खोक्यामागे एक मुलगी आहे. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहातल्या खोलीत खून झाला. मारेकरी तिथलाच विद्यार्थी होता. तो ज्या दारांतून आत आला ती आपोआप कुलूप लागणारी होती, आणि ती पिझ्झाच्या खोक्यांनी अडवून ठेवलेली होती. आपल्या आवारात काय गुन्हे होतात हे विद्यापीठं पालकांना सांगतच नाहीत, हे तिच्या आईवडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या मिस्टरांच्या कामाचा मोठा भाग या क्लेरी कायद्यातून येतो. रोजच्या गुन्ह्यांची नोंदवही कुणालाही वाचता आली पाहिजे, नोंद कामाच्या दोन दिवसांत चढली पाहिजे, दर वर्षी १ ऑक्टोबरच्या आत अहवाल बाहेर पडला पाहिजे. यात चुकलेल्या विद्यापीठांना जबर दंड झाले आहेत. २०१६ मध्ये पेन स्टेटला सुमारे २४ लाख डॉलर, २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर. म्हणजे चीफ होणारा माणूस बंदुकीपेक्षा कागदाला जास्त बांधलेला असतो. शनिवारी फुटबॉलचा बंदोबस्त, परीक्षेच्या आठवड्यात रात्री दोनला खचलेल्या मुलाच्या खोलीबाहेर उभं राहणं, आणि सोमवारी सकाळी या सगळ्याचा हिशेब. तुमच्या मिस्टरांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांना यातलं काय आवडतं, हे तुम्ही कधी विचारलंय का? पत्रात त्यांच्या आवडीबद्दल एक ओळही नाही, म्हणून विचारते.

आता बळीच्या बकऱ्याबद्दल. तुमची भीती निराधार नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ३० एप्रिल २०२४ च्या रात्री आंदोलकांच्या तळावर हल्ला झाला, पोलीस वेळेवर आले नाहीत म्हणून गदारोळ झाला, आणि मे संपायच्या आत तिथल्या पोलीसप्रमुखांना त्या जागेवरून बाजूला करण्यात आलं. असं होतं. पण कॅप्टन राहिलं की हे टळतं, हे मला पटत नाही, आणि त्यासाठी मी तुम्हाला डेव्हिसला नेते.

१८ नोव्हेंबर २०११. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिसचं आवार. विद्यार्थी हात गुंफून आवारातल्या पायवाटेवर बसलेले, आणि एक पोलीस अधिकारी बागेत औषध फवारावं तसा त्यांच्या तोंडावर मिरचीचा फवारा मारत चाललेला. ते छायाचित्र जगभर गेलं. त्यातला तो अधिकारी चीफ नव्हता, लेफ्टनंट होता. त्याची नोकरी गेली. चौकशी समितीचा अहवाल २०१२ च्या एप्रिलमध्ये आला. हे टाळता आलं असतं आणि टाळायला हवं होतं, असं त्यात सुरुवातीलाच म्हटलं होतं. तंबू भर दुपारी तीन वाजता काढायचे, हे चॅन्सेलरनी ठरवलं होतं. (तिकडे चॅन्सेलर म्हणजे आपल्यासारखे राज्यपाल नव्हेत, त्या आवाराचा कारभार चालवणारी व्यक्ती.) वेळ ठरवणं हा पोलिसांच्या अखत्यारीतला निर्णय होता, असं समितीने स्पष्ट लिहिलं. पोलीसप्रमुख ॲनेट स्पिकुझा यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. चॅन्सेलर त्यानंतर चार वर्षं पदावर होत्या.

ताई, हे पुन्हा एकदा वाचा. चुकीच्या वेळेचा निर्णय वरून आला, चीफला तो थोपवता आला नाही, आणि त्याचा चेहरा झाला मधल्या फळीतला अधिकारी. उद्या तुमच्या मिस्टरांनी ही जागा नाकारली तर ती रिकामी राहणार नाही, दुसरं कुणी येईल. त्या माणसाला वर 'नाही' म्हणता आलं नाही, तर हिरवळीवर माणसं घेऊन कोण जाईल? कॅप्टनच ना? म्हणून मी म्हणते, सुरक्षितता पदाच्या उंचीवर ठरत नाही. निर्णय कोणाचा आणि तो कुठे लिहिलाय, यावर ती ठरते.

हेच आणखी एका दुःखद दिवशी दिसलं होतं. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा मिनिटांतच नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला आणि आणखी तीस जणांचा जीव गेला. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती. चौकशी समितीने नोंदवलं की आवारभर संदेश पाठवण्याची सोय पोलिसांच्या स्वतःच्या हातात नव्हती, तो वरिष्ठांच्या गटाकडून जावा लागे. पुढे २००८ मध्ये तातडीच्या सूचनेबद्दल कायदा कडक झाला, पण कळ कोणाच्या हातात हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या परीने सोडवलाय. तुमच्या विद्यापीठाने कसा सोडवलाय, हे मिस्टरांनी पत्रावर सही करण्याआधी विचारायला हवं.

तर माझं मत असं की त्यांनी जागा घ्यावी, पण काही गोष्टी कागदावर आल्यावरच. पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट: जमाव, तंबू, आंदोलन यांबाबत काय साधायचं ते प्रेसिडेंट, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख, ठरवतील, पण केव्हा आणि कोणत्या मार्गाने हे चीफ ठरवेल, आणि चीफचा आक्षेप असेल तर त्याची लेखी नोंद राहील. याला व्हाइस प्रेसिडेंटनी "आपलं एकमेकांवर विश्वास ठेवण्याचं नातं आहे, लिहायचं कशाला" असं उत्तर दिलं, तर ताई, तिथेच नमस्कार करून परत यायचं. विश्वासातल्या माणसाशी झालेला करार लिहून ठेवायला कुणाची हरकत नसते. दुसरी गोष्ट पैशांची आणि पदाची. कॅप्टनला बऱ्याच ठिकाणी युनियनचं किंवा नागरी सेवेच्या नियमांचं छत्र असतं. चीफ झाल्यावर ते सहसा जातं आणि वरिष्ठांची मर्जी असेपर्यंतच नोकरी राहते. म्हणून चीफपद गेलं तर कॅप्टनच्या जागेवर परतण्याचा हक्क, तो नसेल तर किती महिन्यांचा पगार, कोर्टकज्जा झाला तर वकिलाचा खर्च कोणाचा, आणि पेन्शनवर परिणाम काय, हे नोकरीच्या करारांची कामं करणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या वकिलाला फोनवर विचारून भागणार नाही, तो घरांची कागदपत्रं करत असेल तर त्याला यातलं काही माहीत नसेल. इशाऱ्याचा संदेश स्वतः पाठवण्याचा अधिकारही याच यादीत धरा.

आणि आधीचे दोन चीफ. ते का गेले याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते सगळं ऐकीव आहे. मिस्टरांनी दोघांना वेगवेगळं भेटावं, कॉफी प्यावी आणि एकच विचारावं: "तुम्ही वरिष्ठांना शेवटचं 'नाही' कधी म्हणालात, आणि पुढे काय झालं?" दोघांनीही 'कधी म्हणालोच नाही' असं उत्तर दिलं तर दोष जागेचा नसून माणसांचा असू शकतो. दोघांनीही म्हटलं असेल आणि दोघंही त्यामुळेच गेले असतील, तर तुमची भीती खरी आणि माझा सल्ला चुकीचा.

आता लेकीकडे येऊ. तुम्ही तिचं एक वाक्य लिहिलंय आणि त्याचा अर्थ तुम्हीच लावलाय. तिला नेमकं काय नको आहे हे तुमच्यापैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. माझ्या कचेरीत एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुलगा विद्यार्थी म्हणून यायचा. वडिलांवर चिडलेला. आम्हाला वाटायचं, मतभेद आहेत. एक दिवस तो खुर्चीत बसून हुडीच्या दोऱ्या बोटाला गुंडाळत म्हणाला, "मी खोलीत आलो की मित्र बोलायचे थांबतात." एवढंच होतं त्याचं दुखणं. तुमच्या मुलीचं हेच असेल. किंवा तिला खरोखर पोलीस आवारात असणंच मान्य नसेल, आणि तिच्या पिढीतल्या अनेकांना ते मान्य नाही. सिनसिनाटीत २०१५ मध्ये विद्यापीठाच्या एका पोलिसाने आवाराबाहेर गाडी अडवून सॅम्युएल ड्यूबोस या निःशस्त्र माणसाला गोळी घातली. अशा गोष्टी ऐकतच ती मोठी झाली आहे. तिच्या रागाला कारणं आहेत. किंवा तिला एवढीच भीती असेल, की एखाद्या संध्याकाळी रांगेच्या त्या बाजूला बाबा असेल आणि या बाजूला ती. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

म्हणून वडील आणि मुलगी, दोघांनीच एकदा बाहेर जावं. तुम्ही नको, आजोबाही नकोत. वडिलांनी तिला "मी घेऊ की नको" असं विचारू नये, कारण तो भार एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवणं बरोबर नाही. उद्या नकार देऊन ते घरी बसले, तर "माझ्यामुळे" हा शब्द तिला आयुष्यभर पुरेल. त्यांनी विचारावं, "मी चीफ झालो तर तुझं काय हरवेल?" आणि मग ऐकावं. मध्ये बोलू नये. तुम्हीही फीचा हिशेब जेवणाच्या टेबलावर काढू नका. ती विद्यापीठ बदलणार असेल तर सवलत जाईल हे तिलाही कळतं. तुम्ही ते म्हणालात की त्याची धमकी होते.

आणि काही गोष्टी वडिलांनी तिला आधीच कबूल कराव्यात, विद्यापीठालाही लिहून द्याव्यात. तिचं किंवा तिच्या जवळच्या मैत्रिणींचं नाव आलेलं कुठलंही प्रकरण चीफच्या टेबलावर येणार नाही, ते उपप्रमुखाकडे किंवा बाहेरच्या यंत्रणेकडे जाईल. तिची फाइल ते उघडणार नाहीत. कोण कोण आंदोलनात आहे हे तिला घरी कधीही विचारलं जाणार नाही, सहज म्हणूनसुद्धा नाही. एक मात्र तिलाही सांगायला हवं: ती हिरवळीवर आहे म्हणून त्या दिवशी चीफ घरी बसणार नाही. बाकीच्या तीनशे मुलांचे आईवडील तिथे नसतात.

हे मी फक्त तुमच्यासाठी लिहीत नाही. मुख्याध्यापकाच्या शाळेत त्याचा मुलगा, हॉस्टेलच्या रेक्टरच्या हॉस्टेलमध्ये तिची भाची, असे प्रश्न आपल्याकडेही घरोघरी आहेत. तिथेही आधी एक कागद करावा आणि मुलाशी एकट्याने बोलावं. बढती नाकारण्याचा विचार त्यानंतर.

सासऱ्यांचा अभिमान मोडू नका. फक्त ठरेपर्यंत गावाकडचे फोन थांबवा, कारण नकार द्यायची वेळ आली तर सांगलीपर्यंत कारणं देत बसावं लागेल.

शेवटी तुमच्याबद्दल. पत्राच्या तळाशी, जवळजवळ ओझरतं, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचा फोन तुमच्या उशाशी असतो कारण चार्जर त्या बाजूला आहे, आणि रात्री तो वाजला की आधी तुम्ही उठता. सतरा वर्षं. मुलीच्या आणि खुर्चीच्या प्रश्नाआड हा तुमचा स्वतःचा प्रश्न दडलेला आहे, असं मला वाटतं, आणि तो मिस्टरांपुढे मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या दलात रात्रीच्या फोनांना पाळीवरचा अधिकारी असतो आणि चीफला कधी उठवायचं याची ठरलेली यादी असते. ती यादी मिस्टरांनी पहिल्या महिन्यात करावी, आणि करताना तुम्हाला शेजारी बसवावं. चार्जर मात्र आज रात्रीच त्यांच्या बाजूला हलवा.